न दिलेलं अ‍ॅट्रोपिन: फवारणीच्या विषबाधेचं एक प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातलं आहे. रुग्णाची, गावाची आणि दुकानाची ओळख पटेल असं काहीही इथे ठेवलेलं नाही. मी तिथे वैद्यकीय अधिकारी होतो. फवारणीतून विषबाधा झालेले रुग्ण आमच्या भागात दर हंगामात येतात, त्यात नवल नाही. पण या एका रुग्णाच्या बाबतीत कोणतं इंजेक्शन द्यायचं आणि कोणतं हातात घेऊनही थांबायचं, हे विष पेशीच्या कोणत्या भागावर बसलंय यावरून ठरवावं लागलं. तो भाग म्हणजे तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), पेशीचं ऊर्जाघर. एरवी ती शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीचा विषय. पेपर झाला की कोणी तिचं नाव घेत नाही.

पार्श्वभूमी

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाऊस उघडलेला, ऊन चटके देणारं, आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खांद्याच्या वर गेलेली. या दिवसांत दोन ओळींमधून चालताना पानं तोंडाला लागतात. फवारणाऱ्याला नोझल छातीच्या वर धरावं लागतं आणि वाऱ्याची झुळूक फिरली की अर्धा फवारा त्याच्याच अंगावर येतो. पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे, त्यात बोंडअळीची धास्ती. त्यामुळे एका पंपात दोन-तीन औषधं कालवण्याची पद्धत. कृषी केंद्रवाला सांगतो तसं, किंवा शेजारच्याने मारलं तसं.

२०१७ चा हंगाम इथे कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण भरती झाले. त्यानंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या. आरोग्य केंद्रांत अ‍ॅट्रोपिनचा साठा राहू लागला, प्रशिक्षणं झाली, आशाताईंना लक्षणं पाठ झाली. ‘फवारणीचा पेशंट म्हणजे अ‍ॅट्रोपिन’ हे समीकरण आमच्या शिपायालाही माहीत आहे. त्या समीकरणाने माणसं वाचवली आहेत, कारण मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं वर्षानुवर्षं सर्रास वापरली जात होती आणि त्या गटावर अ‍ॅट्रोपिन हाच उतारा आहे. मात्र औषधांच्या दुकानातली फळी गेल्या काही वर्षांत बदलली. नव्या गटांची कीटकनाशकं आली, ती शरीरात वेगळ्याच ठिकाणी काम करतात. समीकरण मात्र जुनंच राहिलं.

रुग्ण चाळिशीच्या आतला. स्वतःचं वावर नाही, पंपामागे मजुरी घेऊन दुसऱ्यांच्या शेतात फवारणी करणारा. दोन दिवस सलग एकाच मालकाच्या शेतात पंप मारले होते. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला दुपट्टा, हात आणि पाय उघडे.

काय घडलं

सकाळी बाह्यरुग्ण विभाग नुकताच सुरू झाला होता. दोघांनी धरून त्याला आणलं. आदल्या संध्याकाळी मळमळ, दोन उलट्या, मग चक्कर. रात्री तो बडबडत होता, उठून बसत होता, बायकोला ओळखत होता पण उत्तरं तुटक देत होता. पहाटे लघवीला उठला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. ‘मले सगळं पांढरंच दिसून राह्यलं, डाक्टर साहेब,’ हे त्याचं मला सांगितलेलं पहिलं वाक्य. बोटं डोळ्यांपुढे धरली तर हालचाल कळत होती, मोजता येत नव्हती.

नाडी ११६, रक्तदाब १००/६०, साखर जराशी वाढलेली, ताप नाही. श्वास मिनिटाला ३४, खोल आणि ओढून घेतलेला, पळून आलेल्या माणसासारखा. आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ टक्के.

त्या दोन आकड्यांपाशी मी अडलो. ऑर्गॅनोफॉस्फेटचा रुग्ण धापा टाकतो तेव्हा त्याच्या छातीत पाणी भरलेलं असतं, स्टेथोस्कोप लावला की खळखळ ऐकू येते, ऑक्सिजन खाली आलेला असतो. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगभर घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. या माणसाची छाती स्वच्छ होती. तोंड कोरडं होतं. बाहुल्या मध्यम आकाराच्या, उजेडाला सुस्त. स्नायूंची फडफड कुठेही नव्हती. रक्तात ऑक्सिजन भरपूर, फुप्फुसं ठीक, आणि तरी शरीर हवा कमी पडल्यासारखं वागत होतं.

एवढ्यात शेतमालक मोटारसायकलवर आला. त्याने एक प्लॅस्टिकची शिशी टेबलावर ठेवली. लेबल अर्धं फाटलेलं, पण नाव वाचता येत होतं: प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन. सिस्टरनी लगेच अ‍ॅट्रोपिनचे अँप्युल फोडायला घेतले. त्यांचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही. फवारणीचा इतिहास आहे, ऑर्गॅनोफॉस्फेटची शिशी समोर आहे, रुग्ण गोंधळलेला आहे. नियमाने पाहिलं तर उपचार सुरू व्हायला हवा होता.

बाहेर व्हरांड्यात दुसरीच चर्चा चालू होती. कोणीतरी म्हणालं, हा पितो. डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणजे दारूच बाधली असणार.

दोन विषं, दोन ठिकाणं

पुढचा निर्णय समजायचा तर थोडं पेशीत डोकावावं लागेल.

ऑर्गॅनोफॉस्फेट काम करतं ते पेशींच्या आत नाही, दोन पेशींच्या मधल्या फटीत. चेतापेशी स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देते तो ॲसिटिलकोलिन या रसायनातून. निरोप पोचला की एक विकर त्या रसायनाचे तुकडे करतं आणि फट पुन्हा मोकळी होते. ऑर्गॅनोफॉस्फेट या विकराला निकामी करतं. मग निरोप थांबतच नाही: ग्रंथी पाझरत राहतात, श्वासनलिका पाण्याने भरते, हृदय मंदावतं. अ‍ॅट्रोपिन पलीकडच्या बाजूला, निरोप घेणाऱ्या जागेवर जाऊन बसतं आणि ती जागा अडवतं. विष शरीरात असतंच, पण त्याचा आरडाओरडा ऐकू येईनासा होतो. सगळं भांडण पेशीच्या बाहेरचं, म्हणून बाहेरून दिलेला उतारा चालतो.

याउलट काही विषं पेशीच्या आत शिरून एखाद्या अंगकावरच, म्हणजे पेशीतल्या छोट्या अवयवावरच, हात टाकतात. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, हृदयाच्या एकेका पेशीत हजारोंनी. फक्त प्रगल्भ तांबड्या रक्तपेशींत एकही नसते. लांबी साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग, भोवती दोन पटलं, आतल्या पटलाला घड्याच घड्या. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या आतल्या पटलातून पुढे सरकत शेवटी ऑक्सिजनला मिळतात, आणि त्या ओघात हायड्रोजनचे प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला साठवले जातात. धरणात तुंबलेलं पाणी टर्बाइनवरून सोडावं तसे हे प्रोटॉन एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून परत येतात आणि ते प्रथिन अक्षरशः गरगर फिरतं. प्रत्येक फेऱ्याला एटीपीचे, म्हणजे पेशीला लागणारी ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, तीन रेणू तयार होतात. प्रोटॉनच्या साठ्याची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा फारसं कोणी मानायला तयार नव्हतं; १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फिरणाऱ्या प्रथिनाचं कोडं उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये. माणसाच्या शरीरात दिवसभरात जेवढं एटीपी बनतं आणि मोडतं त्याचं वजन त्या माणसाच्या वजनाच्या आसपास जातं. साठा मात्र त्या मानाने अगदी थोडा. म्हणजे हे चाक थांबलं तर हाताशी शिल्लक जवळपास काहीच नाही.

चाक थांबलं की पेशी जुन्या मार्गाकडे वळते. पेशीद्रव्यात, ऑक्सिजनशिवाय, ग्लुकोज अर्धवट मोडायचं. तीस-बत्तीस एटीपीच्या जागी फक्त दोन मिळतात आणि लॅक्टिक आम्ल साचत जातं. रक्त आम्लधर्मी झालं की मेंदू श्वासाला ढकलतो, कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्ल कमी करणं एवढाच त्याच्या हातातला उपाय असतो. खोल, ओढलेला श्वास आणि ९८ टक्के ऑक्सिजन ही जोडी इथे जुळते. ऑक्सिजन दारापर्यंत पोचतोय, घरात त्याचा उपयोग होत नाही.

आणि दृष्टी? डोळ्यांमागची दृक्‌चेता ही एटीपीची मोठी गिऱ्हाईक. तिचे तंतू डोळ्यातून बाहेर पडण्याआधी मायलिनच्या आवरणाशिवाय धावतात, निरोप पुढे न्यायला त्यांना जास्त ऊर्जा लागते, आणि त्या भागात तंतुकणिकांची अक्षरशः दाटी असते. तंतुकणिकेला मार बसला की डोळा लवकर बोलतो. लेबरचा आनुवंशिक अंधत्वाचा आजार हा तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएतल्या दोषाने होतो. मिथेनॉलची विषारी दारू आंधळं करते ती शरीरात फॉर्मिक आम्ल बनून, आणि ते आम्लही तंतुकणिकेतल्याच एका विकराला अडवतं. म्हणजे व्हरांड्यातल्या लोकांचा संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. त्यांचं बोट बरोबर अंगकाकडे होतं, फक्त गुन्हेगार कोण ते ठरायचं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: शिशीवर विश्वास ठेवून पूर्ण मात्रेत अ‍ॅट्रोपिन, सोबत प्रॅलिडॉक्सिम (निकामी झालेलं विकर पुन्हा चालू करणारं औषध), आणि जिल्ह्याला रवानगी. बाजूने बोलणाऱ्या गोष्टी कमी नव्हत्या. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये कधीकधी नाडी जोरातही असते आणि बाहुल्या मोठ्याही होतात, त्यामुळे या दोन खुणांवरून ते नाकारता येत नाही. उशिरा दिलेल्या अ‍ॅट्रोपिनने माणूस जाऊ शकतो. आणि खरं सांगायचं तर, दिलं असतं तर मला कोणी जाब विचारला नसता.

विरुद्ध बाजूला मात्र एक वजनदार गोष्ट होती. विष फटीतलं नसेल तर अ‍ॅट्रोपिनला अडवायला काही नसतंच; मग ते स्वतःच विषासारखं वागतं. नाडी आणखी धावते, ताप चढतो, भ्रम होतो, बाहुल्या फाकतात, नजर धूसर होते. हा माणूस आधीच गोंधळलेला, आधीच दिसत नसलेला. तासाभराने तो आणखी बडबडू लागला तर ते विषामुळे की माझ्या इंजेक्शनमुळे, हे जिल्ह्याच्या डॉक्टरांना कशावरून कळणार? आमच्याकडे रक्तातलं कोलिनेस्टरेज (ऑर्गॅनोफॉस्फेट ज्याला निकामी करतं ते विकर) तपासण्याची सोय नव्हती, रक्ताची आम्लता मोजण्याचं यंत्र नव्हतं. रुग्णाच्या अंगावरची लक्षणं हीच आमची प्रयोगशाळा. ती पुसून टाकायची का, असा खरा प्रश्न होता.

दुसरा पर्याय मधला: अ‍ॅट्रोपिनची एक छोटी मात्रा देऊन बघायचं. नाडी उडाली, तोंड कोरडं पडलं तर ऑर्गॅनोफॉस्फेटची शक्यता कमी. पुस्तकात ही युक्ती आहे. पण ज्याची नाडी आधीच ११६ आणि तोंड आधीच कोरडं, त्याच्यात या चाचणीने काय दिसणार?

तिसरा, मिथेनॉल धरून चालायचं. आमच्या केंद्रात त्यावरचा खास उतारा नव्हता, पण तसा संशय चिठ्ठीत लिहिला की पुढे त्या दिशेने धावपळ झाली असती. चौथा, कोणताही उतारा न देता अंग धुणं, सलाईन, देखरेख आणि लवकरात लवकर रवानगी.

क्षयरोगाची औषधं चालू आहेत का, हेही विचारून घेतलं, कारण त्यातलं इथॅम्ब्युटॉल नजरेवर उतरतं. चालू नव्हती. शिवाय ते असं एका रात्रीत होत नाही.

निर्णय कशावर ठरला

औषधाच्या आधी प्रश्न पुन्हा विचारायचे ठरवले. सिस्टरना सांगितलं, अ‍ॅट्रोपिन सिरिंजमध्ये भरून ठेवा, टोचू नका.

बायकोला बाजूला घेतलं. ‘पेतात जी, खोटं कायले सांगू? पन काल घेतलीच नाई. पोळ्याच्या टायमाले घेतली होती तेवढीच.’ रुग्णाला आणणाऱ्या दोघांपैकी एक त्याचा नेहमीचा सोबती निघाला. दोघं बसतात त्याच ठिकाणी इतरही बसतात आणि त्यांतल्या कोणालाच काही झालेलं नव्हतं. मिथेनॉल एकट्याला गाठत नाही, ते त्या ठिकाणच्या अनेकांना गाठतं. हा पुरावा पक्का नव्हे, पण वजन एका बाजूला झुकलं.

मग मालक. त्याला विचारलं, काल पंपात काय काय टाकलं ते क्रमाने सांगा. तो म्हणाला, ‘पावडर होती साहेब. पुडी.’

‘मग ही शिशी?’

‘शिशी तं मापाची हाय. मागच्या साली रिकामी झाली, तवापासून पानी मोजाले वापरतो. त्यात पावडर कालवाची आन पंपात टाकाची.’

म्हणजे टेबलावरचं लेबल गेल्या वर्षीचं होतं. पुडी कुठे आहे विचारलं तर धुऱ्यावर (बांधावर) फेकली म्हणाला. त्याच्या पोराला फोन करायला लावला. पोराने वावरात जाऊन रिकाम्या पुड्या शोधल्या आणि फोटो पाठवले. दोन्ही पुड्या एकाच औषधाच्या: डायफेन्थियुरॉन ५० टक्के.

डायफेन्थियुरॉन पांढऱ्या माशीवर, तुडतुड्यांवर चालतं. २०१७ च्या हंगामानंतर राज्य सरकारने ज्या पाच कीटकनाशकांची विक्री विदर्भातल्या काही जिल्ह्यांत तात्पुरती थांबवली त्यांत हेही होतं. मूळ रूपात ते फारसं काही करत नाही. उन्हाने किंवा शरीरातल्या विकरांनी त्यातलं गंधक निघून गेलं की त्याचं कार्बोडायइमाइड होतं, आणि ते थेट तंतुकणिकेतल्या एटीपी सिंथेजला चिकटून बसतं. तेच फिरणारं चाक. माशीचं एटीपी सिंथेज आणि आपलं यांत जातकुळीचा फरक फार थोडा. कोट्यवधी वर्षांत निसर्गाने या यंत्राची रचना फारशी बदललेली नाही. किडीला मारणारं औषध माणसाला बाधतं ते काही अपघाताने नव्हे. दोघांतला फरक मुख्यतः मात्रेचा, आणि दोन दिवस उघड्या हातांनी पंप मारणारा माणूस ती मात्रा हळूहळू भरून काढतो.

ती फक्त कातडीतून गेली असंही नाही. रुग्णाला तिसऱ्यांदा विचारलं, मध्ये काही खाल्लं होतं का. भाकर घरी येऊन खाल्ली, म्हणाला. ‘आणि खर्रा?’ तो चाचरत हसला. ‘खर्रा त खाल्लाच जी. त्याच्याबिगर पंप उचलते का?’ पावडर कालवलेल्या बोटांनी खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पन्नी उघडायची, तळहातावर चिमूट घ्यायची, दाढेखाली ठेवायची. दिवसातून कितीदा ते त्यालाही सांगता आलं नाही. आमच्या केसपेपरवर ‘विष कसे गेले’ या रकान्यात ‘त्वचेद्वारे’ आणि ‘श्वासाद्वारे’ असे पर्याय छापलेले आहेत. खर्ऱ्यासाठी जागा नाही, मी समासात लिहिलं.

काय केलं

फोटो येण्याआधीच एक काम सुरू झालं होतं, कारण त्याला कोणतंही निदान लागत नाही. कपडे उतरवून बाहेर पिशवीत बांधले, आणि त्याला साबण-पाण्याने दोनदा धुतलं: केस, कानामागे, काखा, नखांच्या आत. हातमोजे घालून, वाहत्या पाण्याखाली. पहिल्या धुण्यात नखांतून पांढरट गाळ निघाला. विषबाधेच्या रुग्णाला अंघोळ घालणं हे ‘नंतरचं’ काम समजलं जातं. माझ्या मते ते पहिलं आहे, कारण अंगावर विष असेपर्यंत मात्रा चालूच असते.

सलाईन लावली. ऑक्सिजनची नळीही लावली. ९८ टक्क्यांवर तिचा फार उपयोग नाही हे कळत होतं, पण झटका आला तर हाताशी असावी म्हणून. आणि नळी दिसली की नातेवाइकांची पावलं जरा शांत होतात, हेही खरं.

अ‍ॅट्रोपिन दिलं नाही. पण सोडूनही दिलं नाही. भरलेली सिरिंज रुग्णवाहिकेत सोबत पाठवली आणि कोणत्या तीन गोष्टी दिसल्या तर वाट न बघता टोचायची ते सिस्टरना सांगितलं: छातीत खळखळ, तोंडातून लाळ, किंवा नाडी एकदम खाली. पुडीवर एकच औषध असलं तरी पंपात आधीचं काही राहिलेलं असू शकतं, मालक विसरलेला असू शकतो. ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘अजून नाही’ म्हणणं मला जास्त सुरक्षित वाटलं.

सोडा बायकार्बोनेट देण्याचा मोह झाला होता. रक्तातली आम्लता न मोजता ते ढकलणं योग्य वाटलं नाही, ते जिल्ह्यावर सोडलं.

चिठ्ठीत तीन ओळी ठळक लिहिल्या. शिशी मापाची आहे, तिच्या लेबलवर जाऊ नये. पंपात डायफेन्थियुरॉन होतं, फोटो नातेवाइकाच्या फोनवर आहे. अ‍ॅट्रोपिन दिलेलं नाही, बाहुल्या आणि नाडी मूळच्या आहेत.

वाटेत, निम्म्या रस्त्यात, त्याला झटका आला. मिडाझोलॅमने तो थांबला. १०८ च्या डॉक्टरांनी छाती पुन्हा ऐकली, कोरडीच होती. सिरिंज तशीच परत आली.

परिणाम

जिल्ह्याच्या रुग्णालयात रक्त आम्लधर्मी निघालं, लॅक्टेट वाढलेलं, कोलिनेस्टरेज सर्वसाधारण मर्यादेत. या शेवटच्या आकड्याने ऑर्गॅनोफॉस्फेटचा मुद्दा जवळजवळ निकालात निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला, दृक्‌चेतेच्या टोकाला सूज नव्हती. डायफेन्थियुरॉनवर खास उतारा नाही. उपचार म्हणजे शरीर स्वतः विष बाहेर टाकेपर्यंत त्याला सांभाळणं: द्रव, आम्लता आटोक्यात ठेवणं, झटके थांबवणं, गरज पडली तर कृत्रिम श्वास. ती गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी श्वास निवांत झाला. नजर त्यामागून आली, आधी उजेड, मग माणसांच्या आकृत्या, मग बोटांची संख्या. घरी सोडताना तो वॉर्डातला फलक वाचत होता, अक्षरं थोडी हलतात अशी तक्रार करत. तंतुकणिका मेल्या नव्हत्या, अडल्या होत्या. मिथेनॉलमध्ये बहुतेकदा असं नशीब नसतं, तिथे चेतेचे तंतूच कायमचे जातात.

महिन्याभराने तपासणीला आला तेव्हा नजर ठीक होती, थकवा होता. फवारणी सोडली म्हणाला. त्या मालकाकडचं काम आता त्याचा मेहुणा करतो. मालकाने हातमोजे आणून दिले आहेत. ऑक्टोबरच्या उन्हात रबरी मोजे दुपारपर्यंत टिकत नाहीत, आत घामाचं तळं होतं, मग ते काढून धुऱ्यावर ठेवले जातात. यावर माझ्याकडे उत्तर नाही. सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावर फवारा, हे आम्ही सांगतो. पंपामागे मजुरी असलेल्या माणसाला ते परवडत नाही.

कळीच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

सगळं वळण शिशीपाशी होतं. ‘औषधाचा डबा सोबत आणा’ हे आम्ही गावोगाव सांगत आलो आणि लोक तो आणू लागले, हे यशच. पण आणलेली शिशी काल वापरलेली होती का, असं विचारायची आमची सवय नव्हती. विदर्भातल्या कुठल्याही वावरात जा, कीटकनाशकाची रिकामी शिशी मापाला, डिझेलला, कधी प्यायच्या पाण्यालाही वापरात दिसेल. ‘डबा आणा’ऐवजी ‘पंपात काल काय टाकलं ते दाखवा’ असं विचारायला हवं, आणि पुडीचा फोटो फवारणी सुरू होण्याआधीच काढून ठेवायला सांगायला हवं. दुसऱ्या हंगामापासून आमच्या आशाताई हेच सांगू लागल्या. फोन घराघरांत आहे, दोन सेकंदांचं काम.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण इथे मदतीला येत नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम किती मात्रा घातक हे सांगतो. ती मात्रा शरीरात कुठे जाऊन बसते याबद्दल एक शब्द नाही. हिरव्याकडे झुकणारं औषध ‘सौम्य’ समजून हात न धुता खर्रा खाल्ला जातो. विक्रेत्यालाही तो रंग एवढंच कळतं. पाकिटातल्या घडीच्या पत्रकावर उतारा आणि लक्षणं छापलेली असतात, मुंगीएवढ्या अक्षरांत. आमच्या आरोग्य केंद्रात पुढे आम्ही तालुक्यात खपणाऱ्या औषधांचा एक तक्ता भिंतीवर लावला: नाव, गट, पेशीच्या बाहेर की आत, अ‍ॅट्रोपिन चालतं की नाही. कृषी सहायकाने यादी दिली, बाकी आम्ही भरलं. तो दर हंगामाला बदलावा लागतो, कारण दुकानातला माल बदलतो.

एक पर्याय मी वापरायला हवा होता असं आता वाटतं. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे, चोवीस तास फोनवर सल्ला मिळतो. त्या सकाळी पुडीचं नाव कळेपर्यंत विचारायलाही काही नव्हतं, आणि कळल्यावर रुग्णवाहिका निघायची घाई. तरी गाडी निघाल्यावर फोन करून तो सल्ला जिल्ह्याला कळवता आला असता.

सिरिंज न टोचण्याच्या निर्णयावर सहकाऱ्यांत एकमत नाही. एका ज्येष्ठ डॉक्टरांचं म्हणणं असं की आरोग्य केंद्राच्या पातळीवर शंकेचा फायदा नेहमी ऑर्गॅनोफॉस्फेटला द्यावा: दहा जणांना विनाकारण अ‍ॅट्रोपिन गेलं तरी चालेल, एकाला द्यायचं राहिलं तर तो जाईल. छाती ओली असती, लाळ असती, किंवा पुडीचा पत्ता लागला नसता आणि श्वास मंदावत असता, तर मीही तेच केलं असतं. पण कोरड्या छातीच्या, धावत्या नाडीच्या, दिसेनासं झालेल्या माणसाला त्याच न्यायाने टोचायचं का, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघंही सहमत आहोत: तालुक्याच्या ठिकाणी कोलिनेस्टरेजची तपासणी असती तर हा वाद तासाभरात सुटला असता. तशी मागणी लेखी पाठवली आहे. या हंगामापर्यंत तरी नमुना जिल्ह्यालाच जातो.